बिट बदलायला किती मिनिटं जातात? कॉलेट एक्स्टेंशन घेण्याआधी हा हिशोब करा



मागच्या आठवड्यात परतूर तालुक्यातला एक तरुण दुकानात आला. गावातच किचनची शटर बनवायचं काम सुरू केलंय, राउटर टेबलही घरीच तयार केलंय. म्हणाला, "दादा, बिट बदलायचा म्हटलं की दर वेळी टेबलाखाली वाकावं लागतं, मशीन खोलावी लागते. ते कॉलेट एक्स्टेंशन कितीला येतं? नाहीतर एमआयडीसीत लेथवर बनवून घेऊ का?"

मी भाव सांगितला नाही. म्हटलं, "भाऊ, आधी बस, चहा घे." कारण त्याच्या एका प्रश्नात दोन प्रश्न होते. एक धंद्याचा आणि एक त्याच्या हातांच्या बोटांचा. आज दोन्हींची उत्तरं बघू.

आधी वस्तू समजून घ्या

राउटर म्हणजे वायफायचा डबा नव्हे. लाकडाला खाच, गोलाई, नक्षीची कड काढणारी ही मशीन. तीच उलटी करून टेबलाखाली बसवली, की झालं राउटर टेबल. बिट वर डोकावतो आणि आपण लाकूड सरकवतो.

मोटरच्या टोकाला जी चिरा पाडलेली नळी बिटाची दांडी धरते, ती कॉलेट. वरचा नट आवळला की नळी आवळते. टेबलात अडचण अशी होते, की नट फळीच्या खालीच राहतो. पाना लागत नाही, म्हणून मशीन बाहेर काढावी लागते.

कॉलेट एक्स्टेंशन म्हणजे वाढीव मान. तिची दांडी मशीनच्या कॉलेटमध्ये बसते आणि तिच्या वरच्या टोकाला बिट धरायची दुसरी सोय असते. त्यामुळे बिट टेबलाच्या वरूनच बदलता येतो. बस, एवढंच तिचं काम.

जालन्याच्या माणसाला हे लवकर कळेल

आपल्याकडे सळईच्या रोलिंग मिल आहेत. ८ एमएमचा माल चालू असताना १२ एमएमची ऑर्डर घ्यायची, तर रोल बदलावे लागतात. तेवढा वेळ मिल थांबते, पण कामगारांची हजेरी चालूच असते. तुमच्या टेबलावर बिट बदलताना हेच होतं, फक्त लहान प्रमाणात.

बीबीएला असताना मी एक उदाहरण शिकलो होतो, ते दुकान टाकल्यावर खरं समजलं. १९६९ मध्ये टोयोटाच्या कारखान्यात १,००० टनांच्या प्रेसची डाय बदलायला चार तास लागायचे. शिगेओ शिंगो या जपानी इंजिनियरने ते काम आधी ९० मिनिटांवर आणि पुढे ३ मिनिटांवर आणलं. त्याचं मूळ सूत्र साधं होतं: जी तयारी मशीन चालू असताना करता येते, ती मशीन बंद करून करायची नाही.

म्हणजे काय करायचं? पुढचा बिट, दोन्ही पाने आणि उंची लावायचा नमुना तुकडा आधीच हाताशी ठेवायचा. याला एक रुपयाही लागत नाही.

आता हिशोब करू

समजा १२ शटरची ऑर्डर आहे आणि प्रत्येक शटरला तीन वेगवेगळे बिट लागतात. मशीन खोलून बिट बदलायला ६ मिनिटं जातात.

एकेक शटर पूर्ण करत गेलात, तर ३६ वेळा बिट बदलणार. ३६ × ६ = २१६ मिनिटं. साडेतीन तासांहून जास्त वेळ गेला आणि त्यात लाकडाला हातही लागला नाही.

आता पद्धत बदला. पहिल्या बिटाचं काम बाराही शटरवर उरका, मग दुसरा, मग तिसरा. बिट बदलणं फक्त ३ वेळा. ३ × ६ = १८ मिनिटं. जवळजवळ २०० मिनिटं वाचली, तीही फुकट.

यानंतर एक्स्टेंशन लावलं आणि बदलायला २ मिनिटं लागली, तर १८ ची ६ होतील. वाचली फक्त १२ मिनिटं. म्हणून म्हणतो, आधी कामाची पद्धत, मग वस्तू.

मग एक्स्टेंशन कुणाला परवडतं? ज्याच्याकडे दिवसभर फुटकळ कामं येतात त्याला. एक फ्रेम, दोन चौकटी, एक देवघर, सगळ्यांची डिझाइन वेगळी. समजा वस्तू ४,००० रुपयांची आहे आणि तुमच्या एका तासाची किंमत १५० रुपये, म्हणजे मिनिटाला अडीच रुपये. एका बदलात ४ मिनिटं वाचली, म्हणजे १० रुपये. ४०० वेळा बिट बदलला की पैसे वसूल. दिवसाला ८ बदल असतील तर ५० दिवस, दिवसाला २ असतील तर २०० दिवस. आकडे तुमचे टाका, रीत हीच ठेवा.

पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांना पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने मिळतं. ते मिळालं तरी हा हिशोब सोडू नका. हप्ता वस्तू भरत नाही, वस्तूने केलेलं काम भरतं.

स्वस्त उपाय आधी तपासा

मोटर पूर्ण वर घ्या आणि नट कुठे येतो ते बघा. काही मशीनचा नट थोडक्यात खाली राहतो. तुम्ही २५ एमएम जाड फळीला मशीन थेट खालून लावली असेल, तर तिथेच खरी गोम आहे. फळीत चौकोन कापून ६ एमएमची ॲल्युमिनियमची किंवा बॅकेलाइटची प्लेट बसवा आणि मशीन प्लेटला टांगा. नट सरळ १९ एमएम वर येतो. पुष्कळ वेळा एवढ्यानेच काम भागतं. शिवाय प्लेटसकट मशीन उचलून बाहेर काढता येते, खाली वाकायची गरज नाही.

घ्यायचंच ठरलं, तर हे पाच नियम

१. माप जुळवा. बाजारात येणारी बरीच एक्स्टेंशन अर्ध्या इंची दांडीची, म्हणजे १२.७ एमएमची असतात. आपल्याकडच्या पुष्कळ मशीनचं कॉलेट १२ एमएमचं असतं. १२ च्या कॉलेटमध्ये १२.७ ची दांडी जात नाही. उलट १२ ची दांडी १२.७ च्या कॉलेटमध्ये जाते, पण धरली जात नाही. "आवळलं की बसतंय" असं इथे चालत नाही.

२. सनमायका कापायच्या छोट्या ट्रिमरला एक्स्टेंशन लावू नका. त्याची ६ एमएमची दांडी आणि बेअरिंग या कामासाठी नाहीत.

३. हातात धरून चालवायच्या राउटरलाही नाही. एक्स्टेंशन फक्त टेबलासाठी.

४. मान लांब झाली की थरथर वाढते. कॉलेटजवळ केसाएवढा वाकडेपणा असेल, तर तिप्पट अंतरावर तो तिप्पट दिसतो. म्हणून स्पीड कमी, काप उथळ, एका झटक्याऐवजी दोन-तीन पास. ५० एमएम किंवा मोठा पॅनल बिट आमच्या वर्कशॉपमध्ये एक्स्टेंशनवर लावतच नाही. का, ते बघा: ५० एमएमचा बिट २२,००० आरपीएमवर फिरला, तर त्याच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो.

५. बिट तळाला टेकेपर्यंत आत घाला, मग २-३ एमएम वर घ्या आणि आवळा. आणि त्याआधी सगळ्यात पहिलं काम, प्लगची पिन काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही. वरून बिट बदलणं सोपं झालं, की पिन काढायचा कंटाळा येतो. धोका तिथेच आहे.

माझी चूक

पाचवा नियम मी पुस्तकातून शिकलो नाही. सुरुवातीच्या दिवसांत एका गिऱ्हाईकाच्या सागवानी दरवाजाचं काम होतं. खाच थोडी खोल हवी होती आणि उंची पुरत नव्हती. मशीन खोलायचा कंटाळा, म्हणून मी बिट वर ओढला, दांडी जेमतेम सेंटिमीटरभर आत ठेवली आणि आवळून टाकली. चालू खाचेत बिट हळूहळू वर सरकत गेला. आवाज बदलला तेव्हा मी बटण बंद केलं. फळी आरपार चिरली होती. नवीन सागवान माझ्या खिशातून आणलं, दोन दिवस गेले आणि गिऱ्हाईकासमोर मान खाली घालून उभं राहावं लागलं. हात वाचला, तो नशिबाने. सहा मिनिटं वाचवायला गेलो होतो.

म्हणून परतूरच्या त्या भावाला लेथचं उत्तर स्पष्ट दिलं: नको. आपल्या लेथवाल्यांच्या हातात कला आहे, यात शंका नाही. पण मिनिटाला वीस हजार फेरे घेणाऱ्या वस्तूचं पोलाद, त्याचं हार्डनिंग आणि बॅलन्स हा वेगळाच विषय आहे. ती तुटली तर तुकडा कुठे जाईल, हे कुणाच्या हातात नसतं.

तो एक्स्टेंशन न घेताच गेला. प्लेटचं माप मात्र लिहून नेलं. माझी एक विक्री गेली, पण तो माणूस परत येईल, याची मला खात्री आहे.

तुमचा गृहपाठ

पुढचे सहा दिवस टेबलाजवळ एक वही ठेवा. बिट बदलला की वेळ लिहा: कधी पिन काढली, कधी पहिला बरोबर काप निघाला. उंची लावायला गेलेला वेळ वेगळा लिहा, कारण तो एक्स्टेंशनने वाचत नाही, तो नमुना तुकड्याने वाचतो. सातव्या दिवशी बेरीज करा. काय विकत घ्यायचं आणि काय नाही, ते दुकानदाराला विचारावं लागणार नाही. तुमची वहीच सांगेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. काम जोरात करा, पण पिन काढून!