पितळी स्टो : घेताना आणि पेटवताना

आठवडी बाजार, उरूस, जत्रा करणाऱ्या आपल्या पुष्कळ बांधवांच्या सामानात पंपाचा पितळी स्टो असतो. १८९२ साली स्वीडनच्या लिंडक्विस्टने काढलेली ही युक्ती. विकत घेताना बर्नरच्या भोकावर बोट दाबून हवा भरावी आणि सांध्यांना साबणाचे पाणी लावावे. फुगे आले तर माल परत.

टाकी पाऊणच भरावी, बाकी जागा हवेची. हवेची चावी सैल ठेवून बशीत स्पिरिट जाळावे. बर्नर पुरता तापला म्हणजे घासलेटाची वाफ होते, मग चावी बंद करून पंप मारावा. ज्योत निळी येते. आधीच पंप मारला तर पातळ घासलेट उसळून पिवळा भडका उडतो. घासलेटाऐवजी पेट्रोल तर कदापि घालू नये.

एका उरुसात शेजारच्या दुकानदाराने गरम स्टोतच घासलेट ओतले. आमचे चार तागे गेले. सुती जळाले, टेरिकॉट वितळून त्याच्या मनगटाला चिकटले. तेव्हापासून आमचा स्टो पालाच्या बाहेर, उघड्यावर पेटतो. विझवायचा तर चावी सोडायची, आणि हात लावण्याइतका गार झाल्यावरच भरायचा.

पंप ढिला लागला तर बहुधा चामड्याचे वायसर सुकलेले असते. गोडेतेलाचे दोन थेंब द्यावेत, उगीच नवा पंप घेऊ नये.