कर्ज फेडताना घर सांभाळू या



कर्ज काढण्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. कोणती बँक किती व्याज घेते, कुठे फाइल लवकर मंजूर होते, हे आपल्याला तोंडपाठ असते. कर्ज थकल्यावर काय होते, याची चर्चाही गावभर होते. पण या दोहोंच्या मधला जो लांबलचक काळ असतो, त्याविषयी मात्र कोणी बोलत नाही. थकलेल्या कर्जांची नव्याने घडी बसवायची आणि मग तीन-चार वर्षे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरत राहायची, हा तो काळ. आजच्या पाठात त्याचाच विचार करू या.

पुष्कळांना वाटते की एकदा हप्ते बांधून मिळाले म्हणजे प्रश्न सुटला. खरी परीक्षा तेथून सुरू होते. पहिले दोन-तीन महिने उत्साह असतो. मग आजारपण येते, शाळेची फी येते, नात्यात लग्न निघते आणि घडी विस्कटू लागते. अशा वेळी पैसे कमी पडले यापेक्षा, ते कमी पडणार हे कोणाला सांगितले नाही, यामुळेच घर अधिक अडचणीत येते. नवऱ्याने बायकोला सांगितले नाही, दोघांनी मिळून बँकेला सांगितले नाही, जामीनदाराला तर अजिबातच नाही. म्हणून या पाठाचे सार आम्ही आधीच सांगून ठेवतो. कर्जफेडीची योजना उघड्यावर टिकते, लपवाछपवीत मोडते.

१. आधी सगळे एका कागदावर

एका संध्याकाळी पती-पत्नीने एकत्र बसून सर्व देणी लिहून काढावीत. पतसंस्थेचे कर्ज, क्रेडिट कार्डाची बाकी, सोनेतारण, मोबाइलवरून घेतलेले झटपट कर्ज, भिशीतून आधी उचललेली रक्कम आणि नात्यातले हातउसने पैसे. प्रत्येकापुढे बाकी मुद्दल, व्याजाचा दर, हप्ता, तारीख, तारण आणि जामीनदाराचे नाव लिहावे. हातउसने पैसे लिहायचे राहून जातात, कारण त्यांना व्याज नसते. पण नाती तुटतात ती बहुधा त्याच पैशांवरून.

त्यानंतर घरखर्च लिहावा. किराणा, भाडे, वीज, गॅस, औषधे, फी, रेल्वेचा पास. अडीअडचणीसाठी थोडी रक्कम बाजूला काढावी आणि मग उरेल ते देणेकऱ्यांमध्ये वाटावे. पुष्कळ जण याच्या उलट करतात. बँकेत मॅनेजरसमोर बसल्यावर संकोचाने न झेपणारा आकडा कबूल करतात आणि तिसऱ्या महिन्यात तो चुकवतात. लहान पण नियमित हप्ता हा मोठ्या पण चुकणाऱ्या हप्त्यापेक्षा चांगला.

एक उदाहरण घेऊ. समजा, दोघांची मिळून मिळकत ४५,००० रुपये आहे. घरखर्च २६,००० आणि अडचणीसाठी २,००० बाजूला ठेवले, तर १७,००० उरतात. पतसंस्थेची बाकी २,५०,००० असून दर १२ टक्के व हप्ता १२,००० आहे. तो झेपत नाही म्हणून अर्ज करून ९,००० करून घेतला, तर सुमारे दोन वर्षांऐवजी ३३ महिने लागतील आणि एकूण व्याज अंदाजे १२,५०० रुपयांनी वाढेल. ही किंमत आहे, ती समजून घ्यावी. परंतु दरमहा ३,००० मोकळे होतात आणि तेच मेहुण्याचे उसने फेडायला कामी येतात. उरलेले ५,००० कार्डासाठी. अशा रीतीने १७,००० रुपयांतला प्रत्येक रुपया कुठे जाणार, हे आधीच ठरलेले असते.

२. ‘किमान रक्कम’ भरण्याचा भ्रम

याच घराच्या कार्डावर १,००,००० रुपये बाकी असून व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के आहे, असे समजू. महिन्याचे व्याज झाले ३,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ६३० रुपये. बिलावर लिहिलेली किमान रक्कम ५,००० भरली, तरी मुद्दलातून उतरतात फक्त ८७० रुपये. माणूस दर महिन्याला प्रामाणिकपणे भरत असतो आणि कर्ज मात्र जागचे हलत नाही. पुष्कळांची उमेद येथेच खचते.

तीच बाकी बँकेने महिन्याला दीड टक्का दराने २४ हप्त्यांत बांधून दिली, तर हप्ता (जीएसटी वगळून) ४,९९२ रुपये येतो. खिशातून जाणारे पैसे जवळजवळ तेवढेच, पण दोन वर्षांत बाकी शून्य. म्हणून बँकेला ही विनंती अवश्य करावी आणि ते कार्ड पुन्हा वापरू नये.

३. बँकेत जाताना

विनंती तोंडी करू नये. अर्ज लेखी द्यावा व आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. मुदत वाढवून मिळेल का, दंडात सवलत मिळेल का, कार्डाची बाकी हप्त्यांत बांधता येईल का, हे स्पष्ट विचारावे. बँक होकार द्यायला बांधील नाही, पण हप्ता थकण्यापूर्वी येणाऱ्याचे ऐकले जाण्याची शक्यता अधिक असते.

‘सेटलमेंट’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा. ठरलेल्यापेक्षा कमी रक्कम घेऊन बँकेने प्रकरण मिटवले, तर आपल्या पतअहवालात कर्ज ‘पूर्ण फेडले’ असे न लिहिता ‘तडजोड झाली’ असे लिहिले जाते आणि पुढील कर्ज मिळणे कठीण होते. काही वेळा तडजोडीवाचून गत्यंतर नसते, पण ती डोळे उघडे ठेवून करावी. हा पतअहवाल सिबिलसारख्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो.

आधी फी घेऊन ‘सर्व कर्जे मिटवून देतो’ म्हणणाऱ्या दलालांपासून दूर राहावे. बँकांची आर्थिक साक्षरता केंद्रे असतात, तेथे मोफत सल्ला मिळतो.

४. जामीनदाराला आपल्या तोंडून कळू द्या

आपल्या वसईत कॅथॉलिक समाजाने १९१८ साली सहकारी पतसंस्था उभारली. तिचीच पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक झाली. दहा जणांची बचत अकराव्याच्या अडचणीला यावी, हे सहकाराचे तत्त्व आणि एकमेकांसाठी सही करणे हा त्याचा पाया. म्हणून आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात कोणी ना कोणी जामीनदार आहे.

ही सही म्हणजे केवळ ओळख पटवणे नव्हे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघाला, तर कर्जदाराबरोबर जामीनदारावरही कारवाई होऊ शकते. ज्याने एक पैसाही घेतला नाही, त्याच्या दारात नोटीस येते.

त्याचे परिणाम आपण पाहतो. मिस्सा संपल्यावर माणूस मागच्या दाराने निघून जातो, कारण पुढच्या दारात जामीनदार उभा असतो. हळूहळू तो येणेच थांबवतो. दोन शेजारघरे वर्षानुवर्षे बोलत नाहीत. हे टाळायचे असेल, तर हप्ता थकण्यापूर्वी जामीनदाराच्या घरी जाऊन सांगावे, “या महिन्यात ओढाताण आहे. बँकेत अर्ज दिला आहे, ही त्याची प्रत.” तो रागावेल, पण नोटीस हातात पडल्यावर रागावण्यापेक्षा हे रागावणे बरे. आणि आपण स्वतः जामीनदार असलो, तर भावाला, शेजाऱ्याला चारचौघांत टोचून न बोलता बाजूला घेऊन विचारावे.

५. वसुलीचे फोन

फोन वाजला की छातीत धस्स होते, असे पुष्कळ जण सांगतात. फोन बंद करून ठेवल्याने भीती वाढते. त्यापेक्षा नियम माहीत असावेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार थकलेल्या कर्जासाठी सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. मायक्रोफायनान्सच्या कर्जासाठी ही वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा आहे. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान यांना मनाई आहे. मोबाइल ॲपने आपली संपर्कयादी किंवा फोटो उघडणे हेही डिजिटल कर्जाच्या नियमांविरुद्ध आहे.

फोन आला तर बोलणाऱ्याचे नाव, तारीख व वेळ वहीत लिहावी आणि शांतपणे सांगावे, “माझा हप्ता अमुक तारखेला भरला जाईल. अर्जाची प्रत शाखेत आहे.” त्रास होत राहिला, तर प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. चौकशीचा क्रमांक १४४४८. बनावट ॲपकडून फसवणूक झाली असेल, तर १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्याने गुन्हा असून सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे त्याची तक्रार करता येते.

६. मनाचा हिशेब

कर्जात असलेल्या माणसाला वाटते, आपण कमी प्रतीचे झालो. नवीन चप्पल घेतली तरी अपराधी वाटते. रात्री दोन वाजता जाग येते आणि आकडे फिरू लागतात. नवरा-बायको एकमेकांना दोष देतात, “तुझ्या हौसेपायी झाले”, “तुझ्या भावासाठी झाले.” या भांडणातून एक रुपयाही फिटत नाही.

काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात. पैशांविषयी बोलण्याचा वार व वेळ ठरवावी, समजा शनिवारी जेवणाआधी अर्धा तास. वही उघडावी, हिशेब पाहावा, वही मिटावी. झोपण्याच्या वेळी तो विषय काढू नये. मागे काय चुकले यापेक्षा या महिन्यात काय करायचे, एवढेच बोलावे.

मुलांना सर्व आकडे सांगण्याची गरज नाही, पण त्यांना अंधारात ठेवू नये. घरातला ताण त्यांना कळतोच आणि कारण माहीत नसले की आपलेच काही चुकले असे त्यांना वाटते. “आपण एक कर्ज फेडत आहोत, दोन वर्षे जपून राहू, तुमची शाळा चालू राहील,” एवढे पुरते.

छोटा आनंद वर्ज्य करू नये. महिन्यातून एकदा घरी मासळीचे चांगले जेवण किंवा समुद्रावर फेरफटका, यासाठी थोडी रक्कम योजनेतच असावी. तीन वर्षे श्वास रोखून कोणी जगू शकत नाही.

दारू किंवा जुगार हे कर्जाचे मूळ असेल, तर आधी त्यावर उपचार घ्यावेत. अन्यथा कितीही हप्ते बांधले तरी भोक पडलेल्या हंड्यात पाणी ओतण्यासारखे होईल.

आणि जगणे नकोसे वाटू लागले, तर ती रात्र एकट्याने काढू नये. घरातल्या माणसाला उठवावे, धर्मगुरूंकडे किंवा डॉक्टरांकडे जावे. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे व तेथे मराठीतूनही बोलता येते. कर्जाला मुदतवाढ मिळते, तडजोड होते. गेलेला माणूस परत येत नाही.

७. लग्न, सण आणि आहेर

आपल्याकडे योजना सर्वाधिक मोडतात त्या मे आणि डिसेंबर महिन्यांत. लग्नांचे आहेर, मुलांच्या प्रथम कम्युनियनची पार्टी, नाताळचे कपडे. “लोक काय म्हणतील” या एका वाक्यापायी पुन्हा नवे कर्ज होते. त्यासाठी उत्तर आधीच तयार ठेवावे, “आम्ही नक्की येऊ, कामालाही उभे राहू. यंदा आहेर मात्र साधा असेल.” ज्यांना आपण हवे आहोत, ते हे समजून घेतात. आणि आपण यजमान असलो, तर पाहुण्याच्या पाकिटाची जाडी मोजण्याची सवय सोडू या. साधा समारंभ करणारे एक घर पुढच्या दहा घरांचे ओझे हलके करते.

८. हप्ता चुकला तर, आणि शेवटचा हप्ता भरल्यावर

एखादा महिना चुकला म्हणजे सर्व बुडाले असे नाही. तारखेपूर्वी बँकेत कळवावे, जमेल तेवढे भरावे, पुढच्या महिन्यापासून पुन्हा रुळावर यावे. चुकलेला हप्ता भरण्यासाठी नवे झटपट कर्ज मात्र कधीही घेऊ नये.

कर्ज फिटले की ‘नो ड्यूज’ दाखला व दिलेले कोरे धनादेश परत घ्यावेत आणि पतअहवालात नोंद झाली का ते पाहावे. मालमत्तेची मूळ कागदपत्रे बँकेने ३० दिवसांत परत द्यायची असतात. विलंब बँकेमुळे झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. आणि जामीनदाराच्या घरी पुन्हा एकदा जावे. या वेळी दाखला दाखवायला आणि आभार मानायला.

कुटुंबात बोलण्यासाठी

• आपल्या घरात असे कोणते देणे आहे, जे एकालाच माहीत आहे?

• आपला हप्ता घरखर्च धरून ठरवला आहे की संकोचापोटी?

• आपण कोणासाठी जामीनदार आहोत आणि त्या घराची शेवटची चौकशी केव्हा केली?

• येत्या समारंभात कोणता एक खर्च आपण कमी करू शकतो?