नोंदींची पाठवणी

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• संगणकीय नोंदीवरील खुणांचा अर्थ सांगता येईल;
• नोंदी मध्यवर्ती सर्व्हरकडे का पाठवतात, हे स्पष्ट करता येईल.

प्रस्तावना
कार्यालयात आलेले प्रत्येक पत्र आवक नोंदवहीत चढते. कोणाकडून आले, केव्हा आले, विषय कोणता, हे तेथे लिहिलेले असते. संगणकही आपल्या कामकाजाची अशीच नोंद ठेवतो. तिला ‘लॉग’ म्हणतात. हा शब्द जहाजाच्या रोजनिशीवरून आला आहे.

1. नोंदीवरील खुणा
एरिक ऑलमन यांनी 1980 च्या दशकात ‘सेंडमेल’ या टपाल-प्रणालीसाठी ‘सिसलॉग’ ही नोंदपद्धती तयार केली. पुढे ती सर्वत्र रूढ झाली. तिच्यात प्रत्येक संदेशाच्या आरंभी एक अंक असतो. संदेश कोणत्या विभागाचा आहे आणि तो किती गंभीर आहे, हे त्यातून कळते. गांभीर्याच्या 0 ते 7 अशा पायऱ्या आहेत. 0 ही सर्वांत गंभीर होय. विभागाच्या क्रमांकाला 8 ने गुणून त्यात गांभीर्याचा अंक मिळवतात. उदाहरणार्थ, सुरक्षा विभाग 4 आणि गांभीर्य 2 असल्यास 4 × 8 + 2 = 34. त्यानंतर वेळ, यंत्राचे नाव आणि कार्यक्रमाचे नाव येते. कार्यक्रमाच्या या नावालाच ‘टॅग’ म्हणतात. खुणा नसतील, तर हजारो नोंदींच्या ढिगाऱ्यातून हवी ती नोंद शोधणे दुरापास्त होते.

2. पाठवणीचे मार्ग
जुन्या प्रथेनुसार नोंदी यूडीपी पद्धतीने, 514 क्रमांकाच्या पोर्टवर पाठवतात. यात पोचपावती नसते. वाटेत हरवलेला संदेश कायमचा हरवतो. टीसीपी पद्धत अधिक भरवशाची आहे. तरीही मध्यवर्ती सर्व्हर बंद पडण्याची शक्यता असते. म्हणून पाठवणारे यंत्र नोंदी डिस्कवर रांगेत साठवून ठेवेल, अशी व्यवस्था करावी. वाटेत कोणी वाचू नये, यासाठी त्या टीएलएसने सांकेतिक करून पाठवाव्यात.

3. मध्यवर्ती संग्रह कशासाठी?
समजा, यंत्रात घुसखोर शिरला. आपल्या पाऊलखुणा पुसणे हे त्याचे पहिले काम! नोंदी त्याच यंत्रावर असतील, तर चोराच्या हाती किल्ल्या दिल्यासारखेच झाले. त्यांची प्रत आधीच दुसरीकडे पोहोचली असेल, तर पुरावा शिल्लक राहतो. घुसखोर पुढील पाठवणी थांबवू शकतो. म्हणून एखाद्या यंत्राचे अचानक गप्प होणेही इशारा समजावे.

दुसरा लाभ तुलनेचा. एका सर्व्हरवर दोनदा चुकीचा पासवर्ड दिला गेला, तर तो विसराळूपणा वाटेल. तेच दहा सर्व्हरांवर पाच मिनिटांत घडले, तर कोणीतरी दारे चाचपून पाहत आहे, हे उघड होते. मात्र त्यासाठी सर्व यंत्रांची घड्याळे जुळलेली हवीत. भारतात ‘सर्ट-इन’ या शासकीय संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी दिलेल्या निर्देशांत घड्याळे जुळवण्याचे आणि नोंदी 180 दिवस सुरक्षित ठेवण्याचे बंधन संस्थांवर घातले.

लक्षात ठेवा : नोंद कोणाची हे कळले पाहिजे आणि ती त्याच्या हाताबाहेर सुरक्षित असली पाहिजे, तरच ती साक्ष ठरते. नोंदीत पासवर्ड मात्र कधीही लिहू नये.

पाठगत प्रश्न
1. विभाग 3 व गांभीर्य 4 असल्यास आरंभीचा अंक कोणता येईल?
2. यूडीपी पद्धतीतील उणीव सांगा.
3. यंत्राचे गप्प होणे हा इशारा का समजावा? दोन-तीन वाक्यांत लिहा.