चांदीपेक्षा पत मोठी

इतिहासाच्या तासाला एक प्रश्न हमखास येतो: पोर्तुगाल, स्पेन, हॉलंड, इंग्लंड सगळेच समुद्रावर उतरले, मग कुणी वर आलं आणि कुणी का खचलं? शिकवता शिकवता मला उमगलं ते असं.

1. खाण म्हणजे कमाई नव्हे. 1545 साली दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीची चांदी स्पेनला सापडली, तरी 1557, 1575 आणि 1596 साली राजाने सावकारांपुढे हात वर केले. लढायांच्या कर्जापायी चांदी बंदरात येण्याआधीच गहाण पडलेली असे. मुलं जहाजं मोजतात. मी त्यांना कर्ज मोजायला लावतो.

2. नुसत्या जरबेवरची वसुली टिकत नाही. पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ हा परवाना नसेल तर गलबत जप्त होई. पण त्यामागचं आरमार दुबळं पडलं. डचांनी 1641 साली मलाक्का आणि 1663 साली कोची घेतलं. वसुलीची ठाणीच गेली.

3. व्यापारी निर्धास्त हवा. गोव्यात 1560 साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाबद्दल शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, बसलं. 1677 साली पोर्तुगीजांच्याच दीवमधले व्यापारी नीमा पारख यांनी मुंबईत येण्यासाठी इंग्रजांकडे धर्मपालनाची हमी मागितली आणि ती मिळाली. मुंबई का वाढली, हे सांगताना मी बंदराच्या खोलीआधी ही हमी सांगतो.

4. सामान्यांची बचत कामाला लागली की बळ येतं. 1602 साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीत घरकाम करणाऱ्या बायकांनीही पैसे गुंतवले होते. इंग्लंडमध्ये 1694 साली बँक ऑफ इंग्लंड निघाली. कर्जफेडीमागे संसदेने मंजूर केलेले कर होते, म्हणून सरकारला पुढे स्वस्तात कर्ज मिळू लागलं. स्पेनच्या राजाला ही पत कधीच लाभली नाही.

5. मक्तेदारीची किंमत कुणीतरी मोजतंच. जायफळ एकट्याच्या मुठीत ठेवण्यासाठी डचांनी 1621 साली बांदा बेटांवरची बहुतेक वस्ती मारली किंवा हुसकावली. पुढे युरोपला मसाल्यापेक्षा कापड आणि चहा हवासा झाला. 1780 ते 1784 च्या इंग्रजांशी झालेल्या युद्धाने डच कंपनी खिळखिळी झाली आणि 1799 च्या अखेरीस कर्जातच संपली. बांदाची माणसं मात्र परत आली नाहीत. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: भरभराटीची कारणं शिकवाल, त्याच तासाला ती कुणाच्या जिवावर झाली तेही शिकवा. पुढच्या तासावर ढकलू नका.