शफलबॉटम : हसण्याआधी अर्थ पाहा



गेल्या महिन्यात आमची मुलगी शाळेतून हसतच घरी आली. वर्गात नवीन आलेल्या मुलाचे आडनाव होते 'शफलबॉटम'. हजेरीच्या वेळी सगळे हसले, हीसुद्धा हसली. "बाबा, म्हणजे बूड घासत चालणारा का हो?"

मी म्हटले, "आधी शब्द सोडवून पाहू." प्रोग्राममधली चूक शोधताना आम्ही करतो तसे त्याचे तुकडे केले.

'बॉटम' म्हणजे तळ. जुन्या इंग्रजीत दरीच्या तळालाही हाच शब्द होता. संस्कृतमध्ये तळाला 'बुध्न' म्हणतात, आणि भाषातज्ज्ञांच्या मते हे दोन्ही शब्द एकाच मुळातून आले आहेत! शरीराच्या भागासाठी 'बॉटम' हा शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. आडनाव त्याच्या कितीतरी आधीचे आहे.

आता 'शफल'. लँकेशायरमध्ये 'शिपरबॉटम' नावाची जागा होती. तिचा मूळ अर्थ 'मेंढ्या धुण्याची दरी'. लोकर कातरण्यापूर्वी मेंढ्यांना ओढ्यात धूत, कारण स्वच्छ लोकरीला भाव चांगला येई. 1538 पासून इंग्लंडच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदी ठेवू लागले. लिहिणारा कानावर पडेल तसे लिही. अशा अनेक तोंडांतून आणि लेखण्यांतून जाता जाता शिपरचे 'शफल' झाले.

याच कुळातले आणखी एक आडनाव क्रिकेटवेड्यांना ठाऊक असेल. 2008 साली न्यूझीलंडविरुद्ध कसोटीत हॅट्ट्रिक घेणारा रायन साइडबॉटम! इथे 'साइड' म्हणजे बाजू नव्हे, तर 'रुंद'. म्हणून साइडबॉटम म्हणजे रुंद दरी.

गाव सोडून दुसरीकडे गेलेल्या माणसाला लोक त्याच्या गावाच्या नावाने ओळखत. आपल्याकडेही तेच. चिंचवडचा तो चिंचवडकर, पिंपळगावचा तो पिंपळगावकर. म्हणजे शफलबॉटम हा आपल्या '-कर' मंडळींचा भाऊच म्हणायचा.

मुलगी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आपलं आडनाव बाई चुकीचं म्हणतात, तेव्हाही सगळे हसतात. मला नाही आवडत." सोमवारी तिने त्या मुलाला मेंढ्यांची गोष्ट सांगितली. ती त्यालाही माहीत नव्हती! आता तो ती सर्वांना सांगतो म्हणे.

घरचा अभ्यास : आपल्या आडनावात एखादे गाव, झाड किंवा काम दडले आहे का, हे आजी-आजोबांना विचारा. पुढच्या शनिवारी वर्गात पाच ओळी लिहून आणा.