आधी लॅपटॉप, मग पुण्यातली खोली

भोर-वेल्ह्यातल्या मुलामुलींसाठी सॉफ्टवेअरच्या नोकरीच्या तयारीचा खर्च

पदवी हातात पडली की घरात पहिला विषय निघतो तो खोलीचा. पुण्यात कॉट बघायची, मेस लावायची, क्लासची फी भरायची. दुधाचे आणि भाताचे साठवलेले पैसे असे पहिल्याच महिन्यात जायला लागतात. माझं कळकळीचं सांगणं असं, की पहिले सहा महिने घरी राहून तयारी करा आणि मुलाखती सुरू झाल्या की पुण्याला जा. आकडे अंदाजे आहेत. खरेदीआधी चालू भाव विचारून घ्या.

लॅपटॉप : २० ते ५५ हजार
मोबाइलवर व्हिडिओ बघता येतात, पण प्रोग्रॅम लिहायचा सराव लॅपटॉपवरच होतो. नवा, १६ जीबी रॅमचा लॅपटॉप ४५ ते ५५ हजारांना पडतो. रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून विकायला ठेवलेला जुना, २० ते २८ हजारांत मिळतो. एसएसडी आहे का, रॅम वाढवता येते का, बॅटरी किती टिकते हे दुकानातच बघा. जीएसटीचं बिल आणि लेखी वॉरंटी नसेल तर घेऊ नका. उबंटू, व्हीएस कोड, गिट, पायथन हे सगळं फुकट आहे.

नेट : महिन्याला ३५० ते ४०० रुपये
तोरणा-राजगडाच्या कुशीतल्या वाड्यांवर रेंज येते-जाते. म्हणून धडे आधीच डाउनलोड करून ठेवा. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे मोफत आहेत आणि त्यांतले बरेच मराठीतही आहेत. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट तर रेंजशिवायही चालतं. रोजच्या कामाची नोंद लॅपटॉपवरच कमिट करा आणि नसरापूरला किंवा भोरला गेलात की गिटहबवर चढवा.

शिक्षण : शून्य ते लाखभर
आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमाचे अभ्यासक्रम मोफत आहेत. केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेची फी प्रत्येकी साधारण १,००० रुपये. डेटा स्ट्रक्चर्स आणि डेटाबेस या दोन विषयांच्या परीक्षा पुरेत.

अभियांत्रिकीची पदवी किंवा एमसीए असेल, तर सीडॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या पीजी-डॅक या पदविकेचा विचार जरूर करा. सीडॅक १९८८ पासून पुण्यात आहे. सुमारे सहा महिन्यांच्या या अभ्यासक्रमाची फी ९० हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,०६,२०० रुपये. प्रवेश सी-कॅट परीक्षेतून, वर्षातून दोनदा. राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा धरा.

अनुसूचित जातींसाठीची बार्टी आणि मराठा-कुणबी समाजासाठीची सारथी या सरकारी संस्था पुण्यातच आहेत. पात्र असाल, तर फी भरण्याआधी त्यांच्या मोफत प्रशिक्षणाची चौकशी करा.

दाखवायचं काम : खर्च शून्य
नव्या उमेदवाराला मुलाखतीत त्याने स्वतः काय लिहिलंय हे खोदून विचारतात. त्यामुळे एक प्रकल्प तरी पूर्ण, रोज वापरात असलेला हवा. गावच्या डेअरीवर लिटर, फॅट आणि एसएनएफवरून दुधाचा हिशेब होतो. तो नोंदवणारा, दहा दिवसांचं बिल काढणारा प्रोग्रॅम लिहा आणि डेअरीवाल्याला वापरायला द्या. तो ज्या चुका दाखवेल, त्या दुरुस्त करताना जे कळेल, तेच मुलाखतीत सांगता येईल.

पुणे : महिन्याला ८ ते १० हजार
भोरहून स्वारगेट सुमारे ५० किलोमीटर, तिथून हिंजवडी आणखी वीसेक. रोज जाऊन-येऊन करायचं म्हटलं तर दिवसाचे चार-पाच तास प्रवासात जातात. म्हणून मुलाखतींची बोलावणी येऊ लागली की कॉट बेसिसवर जागा घ्या. तोवर कामापुरत्या फेऱ्या करा. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे.

सावध राहा
नोकरी देण्यासाठी रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किंवा लॅपटॉपचं डिपॉझिट मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणणाऱ्या क्लासकडून ते लेखी घ्या, फी हप्त्यांत भरा, पावत्या जपा. ग्राहक हेल्पलाइन १९१५, ऑनलाइन पैसे गेले तर ताबडतोब १९३०. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही.

सहा महिन्यांचा हिशेब
- घरी राहून : रिफर्बिश्ड लॅपटॉप २५,०००, नेट २,४००, दोन परीक्षा २,०००. एकूण २९,४०० रुपये.
- पुण्यात राहून : हाच खर्च, त्यावर राहणं-जेवण ५४,०००. एकूण ८३,४०० रुपये, क्लासची फी वेगळीच.

या हिशेबात न मांडलेला एक खर्च मात्र घराने सोसायचा आहे. मुलगा किंवा मुलगी घरात दिसली की लावणीला हाक येते, पाहुण्यांचा चहा येतो, गोठा येतो. मुलींच्या वाट्याला तर हे जास्तच. दिवसाचे पाच तास ठरवून द्या, आणि त्या वेळात हाक मारू नका. खोलीचे ५४ हजार वाचतात ते याच पाच तासांच्या जोरावर.