एक छप्पर, अनेक धर्म : ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ आणि कोल्हापूरची वसतिगृहे

महात्मा जोतीराव फुले यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर त्यांनी ते डाव्या हाताने लिहिले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. ग्रंथाच्या संवादरूपाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. प्रश्न विचारणारे अनेक, उत्तर देणारे जोतीराव, अशी ही रचना वरवर एकमार्गी वाटते. तथापि ग्रंथातील एका कुटुंबाच्या कल्पनाचित्राशी ती ताडून पाहिली म्हणजे संवादाचा निराळा अर्थ हाती येतो.

या कुटुंबातील स्त्री बौद्ध ग्रंथ वाचून तो धर्म स्वीकारू शकते. पती बायबल वाचून ख्रिस्ती, कन्या कुराण वाचून मुसलमान आणि पुत्र सत्यधर्मी होऊ शकतो. अट एकच, कोणी कोणाचा द्वेष करू नये. निवडीचा आरंभ घरातील स्त्रीपासून होतो, हे विशेष अर्थपूर्ण आहे. धर्मांची तुलना पंडितांच्या सभेत न होता एकाच घरात, वाचनातून आणि सहवासातून व्हावी, असे येथे सुचविले आहे. ज्यांना शतकानुशतके वाचनाचाच अधिकार नव्हता, त्यांच्या दृष्टीने वाचून धर्म निवडणे हीच मुक्ती होय.

या विचाराचा वारसा मानणाऱ्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ पासून वसतिगृहे निघाली. मराठा, जैन, मुस्लिम (१९०६), लिंगायत, आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह (१९०८). वंचितांच्या शिक्षणाला त्यांनी आधार दिला, यात संशय नाही. पण छपरे वेगवेगळी राहिली. त्या काळी एकत्र वसतिगृह कितपत टिकले असते, हाही प्रश्नच आहे. परंतु फुल्यांचे कुटुंब आणि ही वसतिगृहे यांतील अंतर नजरेआड करता येत नाही.

ते अंतर एका विद्यार्थ्याच्या वाट्याला प्रत्यक्ष आले. जैन वसतिगृहात राहणारे भाऊराव पाटील मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आले, शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले, असे चरित्रकार सांगतात. पुढे १९२४ मध्ये याच भाऊरावांनी साताऱ्यात जे वसतिगृह काढले, तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एकाच पंगतीला जेवत. त्या वसतिगृहाला त्यांनी नाव दिले ते शाहू महाराजांचे.